कालामियाची वाट चुकलेली पिल्लं

१

"पाली नुसत्या माजल्यात मेल्या! सणाला भिंतीला चुना दिला, त्याचा वास अजून हटला नाही, तर वर छपराखाली सगळी लेंडकं. या वयात शिडीवर चढून पालींचं काढत बसू का मी?"

दियामांतोकाकू कुणालाच उद्देशून बोलत नव्हती. बेकरीच्या रांगेत ती पुढे आणि पोलिक्सेनी तिच्या मागे, इतकी जवळ की काकूच्या काळ्या शालीचा धुपाचा वास येत होता. टेकडीवरच्या पनागिया माउलीच्या, म्हणजे मरियमच्या, देवळाची झाडलोट काकूकडे होती, आणि तिथली प्रत्येक कुरकुर ती गावात आणून सांडायची. पोलिक्सेनीनं नुसतं "हं" केलं. शहरात चार दिवस राहून, मोतीबिंदू काढून घेऊन ती पहिल्या बसनं परतली होती. डाव्या डोळ्यावर प्लास्टिकची वाटी होती आणि कधी एकदा किनाऱ्यावर जाते असं तिला झालं होतं.

"आली का काळोखबाई?" रांगेतून कुणीतरी म्हणालं. नेहमी या नावावर हशा व्हायचा. आज कुणी हसलं नाही.

नाव गावानंच ठेवलेलं. उभ्या आयुष्यात पोलिक्सेनीनं बल्ब विकले; ग्रीसच्या किनाऱ्यावरच्या या कालामियातला एकेक दिवा तिच्या दुकानातून गेलेला. दुकान मुलीच्या हवाली केल्यावर पालिकेनं तिला उन्हाळ्यापुरतं नेमलं, ते तेच दिवे विझलेत ना हे बघायला. हॉटेल असो, खानावळ असो, सूर्य बुडाल्यावर समुद्राच्या बाजूला पांढरा दिवा लागता कामा नये. वाळूतून वर आलेली कासवाची पिल्लं उजेडाकडे धावतात. त्यांच्या आज्यापणज्यांच्या काळात रात्रीच्या किनाऱ्यावर समुद्राइतकं उजळ काही नव्हतं. बिचाऱ्यांना तेवढंच ठाऊक.

पाव काखेत मारून ती वाळूवर उतरली, आणि पाव तिथंच गळून पडला.

दोन घरटी फुटली होती. पिल्लांच्या पावलांच्या माळा वाळूवर स्पष्ट दिसत होत्या, कुणी ओळीनं स्वल्पविराम काढत जावं तशा. पण त्यातली एकही माळ पाण्याकडे गेली नव्हती. सगळ्या गावाकडे वळल्या होत्या. पोलिक्सेनी त्यांच्यामागं चालत गेली. रस्त्याकडेच्या गटारात, डांबरावर, काटेरी झुडपांत, बोटाएवढी काळी पिल्लं सुकून पडली होती. मुंग्या लागल्या होत्या. चार-सहा जिवंत होती. ती तिनं ओल्या रुमालात घेऊन पाण्यात सोडली आणि हात धुवायचे विसरून तशीच उभी राहिली.

तिसरं घरटं, सगळ्यांत मोठं, अजून शाबूत होतं. पण त्याच्यावरची वाळू मधोमध बशीसारखी खचली होती. म्हणजे पिल्लं आतून सुटली होती. म्हणजे आज रात्री.

मागून सरपंच कोस्मासचा आवाज आला. "शोधायची तसदी घेऊ नका, बाई. चोर सापडलाय."

२

चोर म्हणजे अर्गिरो. किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला तिची खानावळ. पावलांची पहिली माळ थेट त्या खानावळीकडे गेलेली होती, आणि त्याहून मोठा पुरावा म्हणजे अर्गिरोचं तोंड. दिव्यांचा नियम झाला त्या सभेत ती टेबलावर हात आपटून म्हणाली होती, "कासव काय माझ्याकडे तळलेला माकूळ खायला येणारे?" ते वाक्य गावानं जपून ठेवलं होतं.

"संध्याकाळच्या प्रार्थनेआधी सभा," सरपंच म्हणाला. "खानावळीला सील. पालिकेचा हुकूम आहे, आज कुणाच्या तरी दाराला कुलूप दिसलं पाहिजे."

"कुणाच्या तरी?"

"बाई, शब्दात पकडू नका."

अर्गिरो स्वयंपाकघराच्या मागं माकूळ साफ करत बसली होती. दोघी एका बाकावर शिकलेल्या.

"ये. तूही ये," ती मान वर न करता म्हणाली. "बघ काय दिवे लावलेत मी ते."

"लावलेस का?"

"तू विकलेला तो लाल लागतो. त्याच्या उजेडात गिऱ्हाइकाला मासा कुठला आणि लिंबू कुठलं कळत नाही. पण लावते. शिव्या देत लावते, पण तोच लावते."

"मग रात्री पांढरा उजेड कुठून आला?"

अर्गिरोचा हात थांबला. तिनं ओल्या बोटांनी छातीवर क्रूस काढला, आणि पुन्हा सुरी उचलली.

"अर्गिरो, सभेत तुझ्या दाराला कुलूप लागेल."

"लागू दे. कुलपाला घाबरले असते तर नवरा गेल्यावर हे दार उघडलंच नसतं. सरपंचाला सांग, कुलूप चांगलं आण, गंजकं नको."

"तुला माहितेय कोण ते."

"मला माकूळ साफ करता येतो. तेवढंच येतं."

पोलिक्सेनी उठली. जाता जाता तिनं खानावळीच्या बाजूच्या बोळात पाहिलं आणि थबकली. पिल्लं या बोळात शिरली होती, पण थांबली नव्हती. दिव्याच्या मागं लागलेलं पिल्लू दिव्यापाशी पोचलं की तिथंच घिरट्या घालून मरतं. असे किती ढीग तिनं पूर्वी उचलले होते. इथं ओट्याजवळ एकसुद्धा मेलेलं नव्हतं. सगळी खानावळ ओलांडून पलीकडे, रस्ता पार करून टेकडीच्या पायथ्याशी मेली होती. दारावरचा भाव वाचून गिऱ्हाईक पुढं सटकावं, तशी ती खानावळीवरून पुढं गेली होती.

ज्या उजेडाकडे ती निघाली होती, तो अर्गिरोच्या मागं होता.

३

उत्तर टोकाला व्रासिदासचं हॉटेल. दुसरं घरटं त्याच्या जवळचं. पोलिक्सेनीनं अर्गिरोच्या अंगणातून मासेमारीची दोरी आणली होती. पहिल्या घरट्यापाशी वेळूची काडी रोवून, पावलांच्या माळेच्या अंगावरून तिनं दोरी ताणली. मग दुसऱ्या घरट्यापाशी तसंच. दुसरी माळ हॉटेलकडे पाठ करून तिरकी गेली होती. दोन्ही दोऱ्या जिकडे रोख धरत होत्या तिकडे तिनं एका डोळ्यानं पाहिलं. एका डोळ्यानं नेम चांगला लागतो, शिकाऱ्यांना विचारा.

"पोलिक्सेनीबाई! उन्हात काय करताय? कॉफी घ्या आधी."

व्रासिदास स्वतः खाली आला होता. गोरा, घामेजलेला, मनानं वाईट नसलेला माणूस. गावातल्या अर्ध्या लग्नांत तो साक्षीदार म्हणून नवऱ्यामागं उभा राहिलेला, उरलेल्या अर्ध्या घरांतली पोरं त्याच्या हॉटेलात कामाला. त्यानं तिला हॉटेलपासून बाजूला, टेकडीच्या उतारावर बांधलेल्या नव्या गच्चीवर नेलं. पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, खाली सगळा समुद्र.

"बघा, तुमच्यासमोर उघडं आहे सगळं," तो म्हणाला. "खालचे दिवे बंद. आणि या गच्चीवर तर दिवाच नाही. एक नाही! खांब नाही, वायर नाही, मेणबत्तीसुद्धा नाही. वारा विझवतो."

खरंच नव्हता. पोलिक्सेनीनं सवयीनं छत, कठडा, कुंड्या, सगळं पाहिलं. बल्ब विकणारीच्या नजरेतून खोबणी सुटत नाही.

"पाहुणे इथं दुपारी जेवतात?"

"छे! उन्हात भाजतील. रात्रीच. जागा मिळत नाही. भाजलेला सिपुरा खायला लांबून येतात लोक."

"अख्खा? काट्यांसकट?"

"अख्खाच. आपल्याकडे काय मासा सोलून देतात का?"

पोलिक्सेनीनं कॉफीचा घोट घेतला. काटेरी मासा, काळोखी गच्ची, आणि लोकांच्या घशात काही अडकत नाही. "व्रासिदास, काल रात्री उजेड कुठून आला असेल?"

त्यानं खाली पाहिलं. मग त्यानंही क्रूस काढला.

"माझा लिसान्द्रोस पुन्हा चालायला लागला, माहितेय का तुम्हाला?" तो एकदम म्हणाला.  "मोटारसायकलवरून पडला तेव्हा डॉक्टरांनी आशा सोडली होती. तुम्ही शहरात गेलात आणि तो उभा राहिला. काल काठी घेऊन देवळापर्यंत चढला. माउलीनं ऐकलं माझं."

"ऐकलं," पोलिक्सेनी मनापासून म्हणाली. त्या पोरासाठी तिनंही माउलीला साकडं घातलं होतं.

मग तिनं मान वळवून वर पाहिलं. दोन्ही दोऱ्यांचा रोख जिथं जुळत होता तिथं, गच्चीच्या अगदी डोक्यावर, चुन्यानं झगमगणारी एक भिंत उभी होती.

४

देवळात वीज नाही. कधीच नव्हती. आत माउलीपुढं तेलाची वात तेवते आणि ती काकू सांभाळते. नियम लिहिताना गावाच्या पाद्र्यानं, पापा-थीमिओसनं, एक ओळ घालून घेतली होती, 'देवापुढचा दिवा सोडून'. आणि त्या वातीकडे बघून सगळ्यांनी हसत माना डोलावल्या होत्या. दिवा म्हणावा एवढी तरी ती होती का?

पोलिक्सेनी समुद्राकडच्या भिंतीखाली उभी राहिली. काकू खरं बोलत होती. छपराखाली एका जागी पालींची घाण होती, आणि दिवसाढवळ्या फटींतून चार-पाच गलेलठ्ठ पाली डोकावत होत्या. बाकीच्या तिन्ही भिंती स्वच्छ. पाल कुठं माजते? जिथं किडे येऊन पडतात. आणि किडे कुठं येतात, हे दिव्याच्या दुकानातल्या बाईला कुणी सांगायला नको. खाली कुंड्यांमध्ये पतंगांचे पंख राखेसारखे साचले होते. समोर जमिनीत एक लोखंडी दांडा रोवलेला, सिमेंट अजून ओलसर काळं. दांडा होता. दिवा नव्हता.

सौरदिवा असणार; वायर लागत नाही, अंधार झाला की आपोआप पेटतो. झोत भिंतीवर मारला की भिंतच आरसा होते. खालची गच्ची उजळते, सिपुऱ्याचे काटे दिसतात, आणि सगळा किनारा उजळतो.

"काकू," ती म्हणाली. दारात दियामांतो झाडू धरून उभी होती. "इथला दिवा कुठाय?"

काकूनं क्रूस काढला. "माझ्या तोंडून नको, पोरी. मी उद्यापरवा वर जायची आहे. तिथं मला विचारतील."

तिसरा क्रूस. उजेडाबद्दल विचारलं की या गावातला माणूस आज क्रूस काढत होता. खानावळीच्या बल्बासाठी कोण क्रूस काढतं?

तेवढ्यात आतून पापा-थीमिओस आला. दाढी नीट करत, तिच्या डोळ्यावरच्या वाटीची चौकशी करत. उगाच फार चौकशी करत.

"पापा, नवसाचा होता ना दिवा?"

तो समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. "बापाचा नवस आहे. मी पाणी शिंपडून मंत्रला. सगळं गाव आलं होतं. आता त्याच्याबद्दल वेडंवाकडं बोलणं म्हणजे पोराच्या पायांबद्दल बोलणं. कुणाची जीभ उचलेल?"

"अर्गिरो बोलली असती तर सुटली असती."

"अर्गिरो?" पापा खिन्न हसला. "बाई, लिसान्द्रोसची धर्ममाय कोण आहे, विसरलात?"

पोलिक्सेनी विसरली होती. दारावर कुलूप पडणार, आणि ती बाई माकूळ साफ करत गप्प बसली होती, कारण बोललं तर माउली तिच्या धर्मलेकाचे पाय काढून घेईल.

अंधार पडायची वाट बघून उपयोग नव्हता. काळोखबाई गावात असेपर्यंत दिवा दांड्यावर चढणार नाही. एकदा भलतं दार बंद झालं, ती निश्चिंत होऊन घरी गेली, की तो चढेल. तिसऱ्या घरट्यातली पिल्लं तेव्हाच वर येतील.

खाली घंटा वाजली. सभेची.

५

चौकातल्या चिनाराच्या झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. सरपंचाच्या मांडीवर कुलूप. नवंकोरं. अर्गिरो उभीच होती, हाताची घडी घालून.

"बसा की," सरपंच म्हणाला.

"उभी बरी आहे. कुलूप लावायला माझी मदत लागेल, ते दार अडकतं."

पोलिक्सेनीनं घसा साफ केला. तिला भाषणाची सवय नव्हती. दुकानात ती गिऱ्हाइकाला समजावायची, तसंच तिनं समजावलं. पिल्लं खानावळीपाशी थांबली नाहीत, पुढं गेली, म्हणजे उजेड मागं होता. दोन माळांचे रोख टेकडीवर जुळतात. टेकडीवर एका भिंतीवर तेवढ्या पाली माजल्यात आणि तिच्याखालच्या कुंड्यांत पतंगांचे पंख साचलेत. दांडा आहे, दिवा नाही.

"दिवा नाही तर मग प्रश्नच मिटला," सरपंच घाईनं म्हणाला.

"आहे. गावात मी कुठंही शिरून बघू शकते. लोकांचे माळे बघितलेत, कोंबड्यांची खुराडी बघितलीत. एकच जागा अशी की तिथं मला पाय ठेवता येत नाही." ती पाद्र्याकडे वळली. "वेदीच्या पडद्यामागं बाईनं जायचं नसतं. तुम्हीच आणाल का, पापा?"

पापा-थीमिओस उठला. कुणाकडे न बघता टेकडी चढून गेला. परत आला तेव्हा त्याच्या काळ्या झग्याच्या बाहीखाली पत्र्याचा मोठा चौकोनी दिवा होता, काचेवर अजून पवित्र पाण्याचे सुकलेले डाग. तो त्यानं टेबलावर ठेवला.

मागच्या खुर्च्यांवरचे लोक बघायला उठले. 

"हे बघा," सरपंचानं कुलूप खिशात टाकलं. "अर्गिरो निर्दोष. लिहून टाकतो. आणि हा नवसाचा दिवा, नियमात सरळ लिहिलंय, देवापुढचा दिवा सोडून. म्हणजे कुणाचीच चूक नाही. झालं गेलं समुद्राला मिळालं."

"नेमकं समुद्रालाच मिळालं नाही," पोलिक्सेनी म्हणाली.

"बाई, तुम्ही हुशार आहात, मान्य. पण उद्या त्या पोराला काही झालं तर?"

माना डोलू लागल्या. बाया उठून अर्गिरोचे गाल चुंबू लागल्या. सुटलीस गं, सुटलीस. कुणी म्हणालं घरट्याभोवती पाट्या लावू. कुणी म्हणालं पुढच्या वर्षी बघू. व्रासिदासनं दिवा उचलून छातीशी धरला, लहान मूल धरावं तसा. त्याच्यामागं लिसान्द्रोस काठीवर रेलून उभा होता.

"आज तिसरं घरटं फुटणार आहे," पोलिक्सेनी म्हणाली. "तो दिवा कुणासाठी..." आणि तिची नजर त्या काठीवर गेली. पुढचं वाक्य तिच्यापाशी तयार होतं. मासे, काटे, गच्ची, सगळं. पण जीभ उचलेना. तीही याच गावची होती.

सूर्य पाण्याला टेकायला आला होता. लोक खुर्च्या उचलू लागले.

"खाली ठेव तो."

अर्गिरो. तिनं बायांचे हात बाजूला केले होते.

"अगं, तुझं झालं ना?" सरपंच वैतागला. "तुझं दार उघडं राहिलं. घरी जा, चुली पेटव."

"माझं झालं म्हणूनच बोलतेय. आधी बोलले असते तर म्हणाला असतात, दार वाचवायला देवीवर उठली." ती व्रासिदाससमोर जाऊन उभी राहिली. "या पोराला मी बाप्तिस्म्याच्या पाण्यातून उचललाय. त्याच्यासाठी गुडघ्यांवर टेकडी चढले, खपल्या अजून आहेत, दाखवू? त्याचं वाईट या चौकात माझ्याइतकं कुणालाच नको आहे. लिसान्द्रोस, ऐक बाळा, तुझे पाय तुझे आहेत, कुणी परत मागणार नाही."

"अर्गिरो," व्रासिदास हलक्या आवाजात म्हणाला, "तू त्याची धर्ममाय, नको."

"माउली कुठं बसते, व्रासिदास? आत. आत अजून काकूची वात आहे, तेवढाच उजेड. तुझ्या दिव्याचा झोत बाहेरच्या भिंतीवरच अडतो, तिच्यापर्यंत पोचत नाही. तो माउलीचा नाही. तुझ्या टेबलांचा आहे."

व्रासिदासनं छातीशी धरलेला दिवा टेबलावर उतरवून ठेवला.